आयत्या वेळचा विषय

सभेला नियम कशाला हवेत, असं कोणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. विचारणारा बहुतेक वेळा मोठ्या आवाजाचा असतो, हे मी बघून ठेवलंय. त्याला नियम लागतच नाहीत हो, त्याचा आवाज पुरतो. ज्याला बोलायला उठताना घाम फुटतो, त्याने काय करायचं ते सांगा.

मी डोंबिवलीची. चार मजली बिल्डिंग, तळमजल्यावर आमचा फ्लॅट, माझ्या नावावर. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा मी पुढच्या खोलीत पाळणाघर सुरू केलं. सकाळी आया पोरं सोडून कामाला पळायच्या, संध्याकाळी न्यायच्या. वरण-भात, झोप, गाणी, भांडणं, सू-शी सगळं माझ्याकडे. खोलीत एक लाकडी डुलता घोडा होता आणि त्यावरून रोज महाभारत. तिथेच मी शिकले की रडणाऱ्याला एकदा जास्त पाळी दिली, की दुसऱ्या दिवशी सगळे रडतात. म्हणून माझ्याकडे पाळी म्हणजे पाळी. अगदी गोड हसलं तरी मिळायची नाही. पोरं कुरकुरायची, पण दोन दिवसांत त्यांनाच ते आवडायला लागायचं, कारण आपली पाळी येणार हे नक्की असायचं.

मोठ्या माणसांचं तसं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या सभेची रीत ऐका. काचेच्या फळ्यावर नोटीस लागायची, रविवारी सकाळी दहाला वार्षिक सर्वसाधारण सभा. खाली बारीक अक्षरात, गणसंख्या भरली नाही तर सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल आणि त्या सभेला गणसंख्येची गरज नाही. म्हणजे दहाला कोणी यायचंच नाही, हे सगळ्यांना पाठ. साडेदहाला पार्किंगमध्ये मांडववाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मंडळी टेकायची. सेक्रेटरी भराभर वाचायचा, अध्यक्ष विचारायचे, "मंजूर?" आणि मागून दोन-तीन आवाज, "मंजूर, मंजूर." कोणाला काय मंजूर केलं ते कळायचंही नाही. सगळ्यांचं लक्ष गेटकडे, वडे आले का. आणि यादीत शेवटचा विषय ठरलेला, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय". वडे बहुतेक त्याच वेळी यायचे.

वड्यांबरोबर चहा लागणार. तो माझ्या घरून. माझं स्वयंपाकघर पार्किंगला लागून ना! कोणी मला विचारलं होतं अशातला भाग नाही, पण दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, "वहिनी, चहाचं बघा हं," आणि मी बघायचे.

त्या वर्षीही बघितलं. आधण ठेवलं, आलं किसलं, चहा गाळला, कप भरून ट्रे घेऊन बाहेर आले. कोणी कप उचलेना. ज्या बायका एरवी "अगं साखर कमी घातलीस ना?" म्हणून पुढे यायच्या, त्या पदराशी खेळत बसलेल्या. सेक्रेटरी म्हणजे आयटीतला पोरगा, मला काकू म्हणतो, तो शेवटी म्हणाला, "काकू, ते पाळणाघराचं झालं."

"काय झालं?"

"बंद करायचं. महिन्याभरात. आयत्या वेळच्या विषयात आलं. मंजूर झालं."

मी आत आलं किसत होते आणि बाहेर माझं पाळणाघर बंद होत होतं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी ट्रे उचलला, आत गेले आणि एकेक कप मोरीत ओतला. बाहेर ऐकू जाईल असा ओतला. खा म्हटलं वडे कोरडे.

नवरा मागोमाग आत आला. सभेत तोही बसलेला होता, आणि मूग गिळून बसलेला होता. म्हणाला, "अगं, जाऊ दे. एवढ्या लोकांशी वैर कशाला?" मी म्हटलं, वैर मी नाही घेतलं, मी चहा घेतला होता करायला. माणूस चांगला आहे, पण भांडणात त्याचा उपयोग नाही.

संध्याकाळी अध्यक्षांकडे गेले. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांच्या बापजाद्यांची भातशेती होती, आणि त्यामुळे त्यांच्या भावांचे, पुतण्यांचे मिळून बरेच फ्लॅट इथे आहेत. माणूस दिलदार. कोणाकडे मयत झालं तर पहिले दादा धावणार. पण सभा त्यांना आपल्या अंगणात बसल्यासारखी वाटते. मला बघून हसले. "अगो वैनी, राग आला काय? आपली घरची मानसा. लोकांच्या तक्रारी होत्या, केलं."

"घरची आहोत तर मी आत असताना कशाला केलंत? मला हाक मारता येत नव्हती?"

"घरच्या मानसांत नियम कनचे?"

मी म्हटलं, "दादा, घरातच तर नियम लागतात. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं घर." ते पुन्हा हसले. बायकोला हाक मारून म्हणाले, वैनीला सरबत दे. मी सरबत न पिता उठले. त्यांच्या घरी असं कोणी उठत नाही.

सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक सेक्रेटरीकडून मागून आणलं आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत वाचून काढलं. रुक्ष भाषा, पण मला गोडच लागली. ठराविक संख्येच्या सभासदांनी सह्या करून मागणी केली तर विशेष सभा बोलवावीच लागते, विषय नोटिशीत लिहावा लागतो. म्हणजे माझ्यासारखीला दार होतं. कोणी दाखवलं नव्हतं इतकंच.

मग सह्यांसाठी मजले चढले. मी कोणाला "पाळणाघर वाचवा" म्हणून गयावया केली नाही. म्हटलं, बंद करायचं तर करा, पण विषय नोटिशीत लिहून, माझ्या समोर, हात वर करून करा. एवढ्यालाच सही मागतेय. तरी काही दारं उघडली नाहीत. आतून टीव्हीचा आवाज येत होता, बेल वाजवल्यावर तो बंद झाला. एकीने दारातच सांगितलं, "आमचं तुमच्यावर काही नाही हो, पण दादांना वाईट वाटेल." अरे, दादांना वाईट वाटेल म्हणून माझं वाटोळं झालं तरी चालेल?

पहिल्या मजल्यावर काकांकडे जायला पाय उचलत नव्हता. माझ्या डोक्यावरच त्यांची खोली. पाळणाघराबद्दल पहिली तक्रार त्यांचीच होती. निवृत्त माणूस, ताठ, इस्त्रीचा सदरा, एरवी जिन्यात भेटले तरी मान हलवून पुढे जाणारे. त्यांनी दार उघडलं, माझा कागद उभ्या-उभ्या पूर्ण वाचला आणि म्हणाले, "तुमच्या मुलांचा मला त्रास होतो, हे मी लपवणार नाही. सभा झाली तर मत विरोधातच देईन."

"द्या ना. फक्त समोर द्या."

"पण एखादी बाई चहा करायला आत गेली असताना तिचा विषय काढायचा, हे मला पटलेलं नाही. मी तिथे बसून ऐकलं, हेही पटलेलं नाही." आणि खिशातून पेन काढून सही केली. वर म्हणाले, "नुसती सभा बोलावून भागणार नाही. सभा चालवायची कशी, हे आधी ठरवून घ्या. नाहीतर पुन्हा तेच होईल."

तेव्हा त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघांनी नियम लिहिले, एकमेकांच्या विरोधात मत देणार हे माहीत असताना. फ्लॅटच्या क्रमाने प्रत्येकाला बोलायची पाळी. एका फ्लॅटला तीन मिनिटं, नंतर मोबाइलचा गजर. मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. एक फ्लॅट एक मत. अध्यक्षांनी मत द्यायचं नाही, बरोबरी झाली तरच द्यायचं. शेवटचा नियम माझा होता. मतदान पुकारल्यावर जो येईल त्याचं मत धरायचं नाही. तो मी मुद्दाम घातला, कारण दादांची सवय मला ठाऊक होती. हात कमी पडतायत असं दिसलं की ते फोन करून पुतण्यांना वरून खाली बोलवायचे. बनियनवर यायची पोरं, हात वर करायची आणि विचारायची, "कशाला होतं?"

सह्या पुरेशा जमल्या, नोटीस लागली, आणि सभेच्या दिवशी लोक दहाला आले. दहाला! वडे नव्हते, चहा नव्हता. सेक्रेटरीने सुरुवातीला नियम वाचले, सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. दादांनीही केला, जरा हसत, पोरांच्या खेळात मोठा माणूस भाग घेतो तसा.

आणि मग मी जे ऐकलं ते त्या पार्किंगमध्ये कधीच ऐकलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरची बाई, इतक्या वर्षांत सभेत "बरं" सुद्धा म्हणाली नसेल, तिची पाळी आली. नवरा शेजारी उठायला लागला तर सेक्रेटरी म्हणाला, फ्लॅट त्यांच्या नावावर आहे, त्याच बोलतील. ती उठली. म्हणाली, "माझा मुलगा त्या खोलीत मोठा झाला. मी नोकरी करू शकले ती त्यामुळे." बसली. वीस सेकंदं झाली नसतील. पण उरलेला वेळ कोणी खेचून घेतला नाही, तो तिचाच होता. विरोधातलेही बोलले. स्कूटर आडव्या लावतात, गेट अडतं. खरं होतं, मी मान्य केलं. एकाने सांगितलं की लॉबीत नेहमी एखाद्या पोराची चप्पल पायात येते. तेही खरं.

काकांची पाळी आली. आधी त्यांनी आवाजाच्या तक्रारी तारखांनिशी वाचल्या, मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, "माझी पत्नी अंथरुणाला खिळलेली आहे. रात्री वेदनांमुळे तिला झोप लागत नाही. दुपारी जरा डोळा लागतो, आणि खाली एखादं मूल किंचाळलं की ती दचकून जागी होते. मग ती रडते. मला मुलांचा राग नाही. मी फक्त तिला..." आणि गजर वाजला. काका तिथेच थांबले. अर्ध्या वाक्यात. बसले. कोणी अडवलं नसतं त्यांना, मीसुद्धा नाही. मला तर वाटत होतं, बोला हो काका, पुरं करा. काकू आजारी आहेत हे ठाऊक होतं, पण दुपारचं हे माहीत नव्हतं. माझं मत बदललं नाही, पण त्या माणसाशी भांडताना मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मतदान पुकारलं. पाळणाघर बंद करावं, या बाजूचे हात मोजून झाले. विरोधातले मोजत होते तेवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली आणि तिसऱ्या मजल्यावरची एक पोरगी धावत आत आली. नर्स आहे, ठाण्याला कोलशेतच्या बाजूला एका हॉस्पिटलात. शनिवारची रात्रपाळी संपवून थेट निघालेली, गळ्यात आयकार्ड तसंच. तिची छोटी माझ्याकडे असायची, रात्रपाळीलासुद्धा, आणि तिच्याकडे दुसरं कोणीही नव्हतं. ना सासू, ना आई. "थांबा, थांबा, शीळफाट्याला अडकलेले! माझं मत राहिलं!" असं ओरडत ती आली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली.

सेक्रेटरीने मोजणी पुरी केली. मी एका मताने हरले होते.

दादा उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची माया होती, ते मी नाकारत नाही. "वैनी, ती तुमचीच बाजू हाय ना? घेऊ तिचा हात. बरोबरी होते. बरोबरी झाली का अध्यक्षाचं मत. ते मी तुम्हाला देतो. जावा, चालवा पाळणाघर. खूश?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या! ज्यांनी आताच बंद करायला हात वर केला होता, त्यांनीही. नवरा मला डोळ्यांनी सांगत होता, हो म्हण, बाई, हो म्हण. ती नर्स माझ्याकडे बघत होती. काका कुठेच बघत नव्हते, चष्मा पुसत बसले होते. त्यांनी हरकत घेतली असती तर मला सोपं गेलं असतं. नाही घेतली.

एक अक्षर बोलायचं होतं मला. हो म्हटलं असतं तर उद्या सकाळी पोरं आली असती, घोड्यावरून भांडली असती. पण मला दिसत होतं, मी उरलेलं आयुष्य दादांच्या मेहेरबानीवर पाळणाघर चालवणार. आज प्रेमाने नियम वाकवला, उद्या रागाने वाकवतील, आणि तेव्हा मी कुठल्या तोंडाने विचारणार? पुतणे बनियनवर खाली आले की "मत नाही" म्हणायचं आणि माझी बाई उशिरा आली की "घ्या हो बिचारीचं"? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! ते मला जमणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मतदान पुकारल्यावर आली ती. मत धरायचं नाही."

दादा हसायचे थांबले. मी त्यांना तसं पहिल्यांदाच बघितलं. "वैनी, वेड लागलंय काय?"

"नियम वाचला तेव्हा तुम्हीपण हात वर केलेला दादा. मीपण केलेला."

ती पोरगी फुटलीच. "मावशी, हे काय करताय तुम्ही? माझ्या मुलीला मी उद्या कुठे ठेवू? नियमाच्या मांडीवर?" सगळ्यांसमोर बोलली, आणि अक्षर न् अक्षर खरं बोलली. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने हात झटकला.

पाळणाघर महिनाअखेरीस मी बंद केलं. तिच्या छोटीसाठी पाळणाघरं शोधत मी तिच्याबरोबर पार विठ्ठलवाडीपर्यंत फिरले, अर्धा रस्ता ती माझ्याशी बोलली नाही. लोक अजून म्हणतात, बाई हट्टी, हातातलं घालवलं. घालवलं नाही, हरले. हरण्यात आणि घालवण्यात फरक आहे, आणि तो ज्यांना कळत नाही त्यांच्याशी मी वाद घालत बसत नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच सकाळचं. निकाल लागला, माणसं खुर्च्या सरकवायला लागली, सेक्रेटरी मांडीवर वही घेऊन इतिवृत्त लिहीत होता. मी मागे उभी होते. बघते तर लिहिलेलं, "ठराव सर्वानुमते मंजूर".

"हे काय?"

"काकू, आपण नेहमी असंच लिहितो. एकी दिसते."

"काट ते."

"आता काय फरक पडतो, झालंच ना..."

"काट म्हटलं ना! बाजूने किती, विरोधात किती. आणि विरोधात कोण कोण, नावानिशी लिही. पहिलं माझं."

दादा येऊन उभे राहिले, काका आले, जाणारी माणसं थांबली. पोराने निमूट काटलं. मी एकेक नाव सांगत गेले आणि तो लिहीत गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईने आपलं नाव नीट लिहिलंय का ते वाकून बघितलं.

खांबाला टेकून नर्स नाक पुसत होती. तिथूनच म्हणाली, "माझं पण लिहा."

सेक्रेटरीचं पेन थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तिचा नाही, कोणाचा ते सांगता येत नाही.

"तिचं नाही," मी म्हटलं. "तिने मत दिलेलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही जिना चढून जाणार आणि या जन्मात माझ्या दारात येणार नाही. गेली नाही. आयकार्ड गळ्यातून काढून पर्समध्ये टाकलं, एक खुर्ची ओढली आणि बसली.

"मग हजर म्हणून तरी लिहा," ती म्हणाली.

सेक्रेटरीने दादांकडे बघितलं. दादांनी माझ्याकडे बघितलं.

"लिही," मी म्हटलं. "सभा अजून संपलेली नाही."